पहिलीची शाळा : फलकामागे काय पाहावे?

मोहाची फुले पडू लागली आणि नवे शैक्षणिक सत्र जवळ आले की किरनापूर आणि त्याच्या आसपासच्या गावांतून, ज्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला कोठल्या शाळेत घालावे? दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. गावात शाळा असली तर ती एकच असे, आणि नसली तर मूल गुरांमागे जाई. आज मात्र पालकापुढे एकाहून अधिक दारे उघडी असतात. एक दार गावच्या सरकारी प्राथमिक शाळेचे. ते घराजवळ आहे, तेथे फी नाही, आणि शिकवणे हिंदीतून चालते. दुसरे दार तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या खाजगी शाळेचे. तिचे नाव इंग्रजी, फलक रंगीत, आणि तिची गाडी सकाळी दाराशी येते. ज्यांचे सोयरे बाघ नदीच्या पलीकडे गोंदिया जिल्ह्यात आहेत, त्यांना तिसरेही दार दिसते. मुलाला मामाच्या गावी ठेवावे आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घालावे, असा तो विचार असतो.

यांपैकी कोणते दार खरे? बहुधा असे घडते की शेजाऱ्याने जे केले ते पाहून, किंवा फलक आणि गणवेश पाहून निर्णय होतो. बैलजोडी घ्यावयाची झाली तर शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, चार जणांना विचारतो. शाळेच्या बाबतीत इतकी चौकशी क्वचितच होते. आणि तरीही पहिलीच्या शाळेतील पहिली दोन वर्षे मुलाच्या पुढच्या साऱ्या शिक्षणाचा पाया असतात. या दोन वर्षांत मूल वाचावयास शिकले तर पुढचे पुष्कळसे ते स्वतः मिळवू शकते. न शिकले, तर पुढच्या वर्गांतील पुस्तके त्याच्यापुढे उघडी असूनही मिटलेलीच राहतात.

भाषेचा प्रश्न येथे वेगळा का?

किरनापूरच्या पालकापुढील प्रश्न पुण्याच्या किंवा भोपाळच्या पालकापुढील प्रश्नासारखा नाही. याचे कारण या मुलखाच्या इतिहासात आहे. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातील या सखल, धान पिकविणाऱ्या मुलखाचे नाते भंडाऱ्याशी आणि नागपूरशी जुने आहे. पुढे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिले. सीमा आखली गेली, पण सोयरीक तुटली नाही. घरात कोठे मराठी, कोठे पोवारी, कोठे गोंडी, आणि बाजारात हिंदी, असा व्यवहार येथे आजही चालू आहे.

मोठ्या माणसाला याची अडचण वाटत नाही. बाजारात हिंदी, चुलीजवळ मराठी, असे तो सहज बोलतो. परंतु सहा वर्षांचे मूल बाजारात वावरलेले नसते. ते चुलीजवळच वाढलेले असते. त्याच्या कानावर हिंदी पडलेली असली तरी त्याला रडू, राग, भूक आणि प्रश्न सुचतात ते आईच्या बोलीतून.

याचा परिणाम वर्गात कसा होतो ते एका साध्या शब्दावरून लक्षात येईल. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी घरातील मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे छडी. बाईंनी कौतुकाने ‘शिक्षा’ हा शब्द उच्चारला तर ते मूल अंग चोरून बसते. ‘संसार’ म्हणजे हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. ‘राग’ म्हणजे हिंदीत गाण्यातील राग, मराठीत मुख्यतः संताप. आकड्यांचेही तसेच. घरी ‘एकोणीस’, ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ ऐकलेले मूल शाळेत ‘उन्नीस’, ‘उनतीस’, ‘उनतालीस’ ऐकते. त्याला मोजता येते, पण वर्गाला कळेल अशा शब्दांत सांगता येत नाही. मग ते गप्प राहते. आणि पहिलीच्या वर्गात गप्प राहणाऱ्या मुलाला मंद ठरविण्यास फार वेळ लागत नाही. मूल मंद नसते. ते केवळ परक्या भाषेत उभे असते.

वाचन शिकण्याची रीतच अशी आहे की तिला ओळखीच्या शब्दाचा आधार लागतो. ‘घ’ आणि ‘र’ जोडून मूल ‘घर’ असे म्हणते, आणि त्याच क्षणी आपले घर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अक्षर आणि अर्थ यांची गाठ पडते. शब्द अनोळखी असेल तर अक्षरे जोडून आवाज निघतो, परंतु अर्थ उमटत नाही. मूल तो आवाज पाठ करते आणि पाहणाऱ्यास वाटते की मूल वाचते आहे. युनेस्कोने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मुलाच्या शिक्षणाचे उत्तम माध्यम त्याची मातृभाषा होय, हेच तत्त्व मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

आपल्या राज्यघटनेतही याची दखल आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तीत ३५० अ हा अनुच्छेद घालण्यात आला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे तो सांगतो. ही दुरुस्ती अमलात आली तो दिवस १ नोव्हेंबर १९५६ हाच होता. ज्या दिवशी सीमा आखली गेली, त्याच दिवशी सीमेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या बालकाची आठवणही ठेवली गेली होती. त्याआधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक साधे माप ठरविले होते. ज्या शाळेत एका भाषेची ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले असतील, तेथे त्या भाषेचा शिक्षक द्यावा. हे माप पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण एकट्या पालकाची विनंती बाजूस पडू शकते. दहा मुलांच्या पालकांनी मिळून लिहून दिलेल्या अर्जाला या मापाचा आधार असतो. मराठी मुलाला जो न्याय, तोच गोंडी बोलणाऱ्या मुलाला. त्याच्या पालकालाही हे माप तितकेच लागू आहे.

इंग्रजी नावाची शाळा

मग इंग्रजी शाळेचे काय? इंग्रजी येणे आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. ज्या पालकाला इंग्रजी न आल्यामुळे कचेरीत किंवा दवाखान्यात खाली मान घालावी लागली, त्याला आपल्या मुलावर ती पाळी येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. माध्यम निवडण्याचा अधिकारही पालकाचाच आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातील प्रकरणात असा निर्णय दिला की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम सरकारला सक्तीने लादता येणार नाही. परंतु अधिकार पालकाकडे आला म्हणजे पारखण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.

येथे पारखावयाची गोष्ट एकच आहे. शाळेच्या फलकावर इंग्रजी माध्यम लिहिलेले असते. वर्गात प्रत्यक्षात कोणती भाषा चालते? पुष्कळ ठिकाणी पुस्तक इंग्रजी असते, बाई समजावून सांगतात हिंदीत, आणि मूल विचार करते मराठीत किंवा पोवारीत. म्हणजे एक शब्द मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्यास तीन नद्या ओलांडतो. वाटेत पुष्कळसा अर्थ वाहून जातो. मूल घरी येऊन इंग्रजी कविता हातवारे करून म्हणते, तेव्हा आई-वडिलांचा ऊर भरून येतो. अशा वेळी त्यांनी त्या कवितेतील एका ओळीचा अर्थ प्रेमाने विचारून पाहावा. मुलाने तो आपल्या बोलीत सांगितला, तर त्या शाळेत शिकवणे होत आहे. सांगता आला नाही, तर तेथे केवळ पाठांतर होत आहे.

ज्या शाळेत इंग्रजी जाणणारी, मुलांशी रोज थोडे थोडे इंग्रजी बोलणारी बाई आहे आणि बाकीचे विषय मुलाला कळणाऱ्या भाषेत चालतात, तेथे इंग्रजी अधिक लवकर येते. एका भाषेत नीट वाचता येऊ लागलेल्या मुलाला दुसरी भाषा वाचणे सोपे जाते. कोणत्याच भाषेत न वाचणाऱ्या मुलाला मात्र प्रत्येक नवी भाषा नवा डोंगर होऊन बसते.

शाळेत जाऊन काय पाहावे?

प्रवेशाच्या दिवशी शाळा पाहू नये. त्या दिवशी प्रत्येक शाळा सजलेली असते. सत्र चालू असताना, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारच्या सुमारास जावे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गाच्या दाराशी दहा मिनिटे उभे राहावे.

पहिली गोष्ट पाहावयाची ती अशी की पहिलीला शिकवितो कोण. जो शिक्षक नवा किंवा तात्पुरता, त्याच्याकडे पहिली सोपविण्याची चाल पुष्कळ शाळांत दिसते. वास्तविक सर्वांत जाणत्या शिक्षकाची गरज पहिलीलाच असते. तो शिक्षक रोज येतो का, आणि वर्षाच्या मध्ये बदलतो का, हे शेजारच्या आईला विचारले तरी कळते.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या संख्येची. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३, आणि ९१ ते १२० मुलांना ४ शिक्षक असावयास हवेत. छोट्या गावात वा टोल्यावर दोन शिक्षक आणि पाच वर्ग, अशी स्थिती सामान्य आहे. तेवढ्यावरून शाळा वाईट ठरवू नये. गुरुजी एका वर्गाला शिकवीत असता दुसरा वर्ग काय करतो, ते पाहावे. दुसऱ्या वर्गातील मुले वाचीत असतील, मोठी मुले लहानांना शब्द दाखवीत असतील, बियांनी वा खड्यांनी मोजणी चालली असेल, तर ती शाळा दोन शिक्षकांतही उत्तम चालली आहे. दुसरा वर्ग फळ्यावरचे न कळता उतरवीत बसला असेल, तर तेथे शिक्षक वाढले तरी फार फरक पडणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा पहिलीच्या नव्हे, तर तिसरीच्या वर्गात घ्यावयाची. शाळेने दोन वर्षांत काय केले ते तेथेच दिसते. तिसरीतील दोन-तीन मुलांना दुसरीच्या पुस्तकातील एखादा सोपा परिच्छेद वाचावयास सांगावा, आणि तो कशाबद्दल आहे ते त्यांच्याच बोलीत विचारावे. मग हातच्याची एक वजाबाकी घालावी. यासाठी पालकाने स्वतः फार शिकलेले असण्याची गरज नाही. घरातील एखादा शिकता भाऊ-बहीण बरोबर असला तरी पुरे. ‘असर’ या नावाने ग्रामीण भागातील मुलांची जी पाहणी २००५ पासून होत आली आहे, ती अशाच साध्या कसोट्यांनी होते. तिच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. मूल वरच्या वर्गात गेले म्हणजे त्याला खालच्या वर्गातील आले, असे धरून चालता येत नाही, हा या आकड्याचा अर्थ. शिवाय कायद्याप्रमाणे चौथीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नाही. म्हणून प्रगतिपत्रक पाहून समाधान मानू नये. मुलाचा आवाज ऐकावा.

चौथी गोष्ट वह्यांची. दोन मुलांच्या वह्या चाळाव्यात. सर्वांच्या वहीत एकच मजकूर एकाच वळणाने उतरविलेला असेल तर मुलांनी फळा उतरविला आहे, एवढेच त्यातून कळते. चुका असतील, त्या शिक्षकाने खुणा करून दाखविल्या असतील, आणि पुढच्या पानावर त्या सुधारल्या असतील, तर ती वही चांगल्या शाळेची खूण समजावी. चुकांची वही पाहून पालकाने नाराज होऊ नये. निर्दोष वहीवर मात्र जरा संशय घ्यावा.

पाचवी गोष्ट कानांनी पाहावयाची. वर्ग अगदी चिडीचूप असेल तर तेथे भीती आहे. मुले गुरुजींना प्रश्न विचारतात का? आपल्या बोलीत बोललेल्या मुलाला हसतात का, की त्याचे बोलणे ऐकून शिक्षक त्याला हिंदी शब्द जोडून देतात? ‘एकोणीस म्हणजे उन्नीस, दोन्ही बरोबर’ असे म्हणणारे गुरुजी भेटले, तर पालकाने बाकीच्या पुष्कळ उणिवा पोटात घालाव्यात. छडी मात्र पोटात घालू नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना कायद्याने बंदी आहे. ‘थोडे मारल्याशिवाय येत नाही’ असे पालकानेच म्हटले, तर तो आपल्या मुलाचे संरक्षण आपल्या हाताने काढून घेतो.

शेवटी पिण्याचे पाणी, मुलींसाठी वेगळे आणि वापरात असलेले शौचालय, गळके नसलेले छप्पर आणि दुपारचे जेवण पाहावे. सरकारी शाळेत शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. त्या जेवणात सर्व मुले एका पंगतीत बसतात की नाही, हे पाहिल्यानेही शाळेचे मन कळते.

अंतर आणि पैसा

सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अंतर ही लहान गोष्ट नाही. वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, हे माप उगाच ठरलेले नाही. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत नाले भरतात, पायवाटा चिखलात जातात, आणि आई-वडील दोघेही बांधीत असतात. त्या वेळी गावातच शाळा असलेले मूल शाळेत जाते. दूरच्या शाळेचे मूल गाडी आली नाही की घरी राहते. सकाळी लवकर उठून, अर्धे झोपेत, गर्दीच्या गाडीतून जाणारे मूल वर्गात पोहोचते तेव्हाच थकलेले असते. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने शेजारशाळेचा पुरस्कार केला. त्यामागे समतेचा विचार होताच, पण लहान पायांचाही विचार त्यात बसतो.

मामाच्या गावी ठेवण्याचा मार्ग भाषेच्या दृष्टीने मोहक आहे. तेथे मूल मराठीतून शिकते. परंतु सहाव्या वर्षी मुलाला आईची जितकी गरज असते तितकी माध्यमाचीही नसते. तसे करावयाचेच झाले तर मूल मनाने तयार आहे का, मामा-मामी त्याला खरोखर वेळ देऊ शकतात का, आणि पुढे परत आणावयाचे झाल्यास दुसऱ्या राज्याची पुस्तके व अभ्यासक्रम त्याला झेपेल का, याचा आधीच विचार करावा. शाळा बदलण्याची वेळ आली आणि दाखला मिळण्यास उशीर झाला, तर तेवढ्यासाठी नव्या शाळेला सरकारी व अनुदानित शाळांतील प्रवेश अडविता येत नाही, हेही लक्षात असावे.

पैशाच्या बाबतीत केवळ फी विचारून थांबू नये. गणवेश, पुस्तके, गाडी, परीक्षा, समारंभ, अशी सर्व रक्कम वर्षाची मिळून विचारावी, आणि ती पाचवीपर्यंत पाच वर्षे देता येईल का, हे घरात बसून मोजावे. एका वर्षी धान चांगले झाले म्हणून घातलेले मूल दुसऱ्या वर्षी फीअभावी काढावे लागले, तर त्याचे मन दुहेरी मोडते. कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतील शेजारच्या मुलांना द्यावयाच्या असतात, आणि त्या मुलांचे आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत असते. मात्र आठवीनंतर काय, याचा विचार त्याच दिवशी करावा. मुलाची किंवा पालकांची प्रवेशपरीक्षा घेणे, तसेच देणगी मागणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने निषिद्ध आहेत. वयाचा दाखला नाही एवढ्या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही.

पैशाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. काही घरी मुलगा गाडीतून खाजगी शाळेत जातो आणि त्याची बहीण दप्तर घेऊन गावच्या शाळेत. मुलीचे पुढे लग्नच होणार, असे त्यामागचे गणित असते. गावची शाळा चांगली असेल तर ती मुलालाही चांगली आहे. ती वाईट असेल तर मुलीलाही वाईटच आहे. एकाच छपराखाली दोन मापे ठेवली, तर मुलगी शाळेत पोहोचण्यापूर्वीच घरचा पहिला धडा शिकते, आणि तो धडा पुढे विसरविणे कठीण असते.

घाई नको, आणि घरची भाषा सोडू नका

चार वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन शाळेत कोंडण्याची घाई हल्ली वाढली आहे. राष्ट्रीय धोरण पहिलीचे वय सहा धरते. त्याआधी खेळ, गाणी, गोष्टी आणि मातीत हात, हेच शिक्षण. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते पुढे नेले. गावात मिळणारे खडे, पाने, बिया आणि शिंपले हीच त्यांची साधने होती. किरनापूरच्या अंगणवाडीत किंवा घरच्या ओसरीवरही ही साधने विनामूल्य आहेत. चिंचोके मोजता मोजता मूल बेरीज शिकते, आणि त्याला कळतही नाही की आपण गणित करीत आहोत.

सर्व पाहून झाल्यावर बहुतेक मराठी घरांना मुलाला हिंदी माध्यमाच्या गावच्या शाळेतच घालावे लागेल. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच आहे. एकदा अक्षर आले की ते दोन्ही भाषांना उपयोगी पडते. फक्त दोन गोष्टी कराव्यात. पहिली अशी की पहिल्या काही महिन्यांत मुलाला त्याच्या बोलीत बोलू द्यावे, अशी विनंती शिक्षकास करावी. दुसरी अशी की घरात मराठी सोडू नये. मूल हिंदी शाळेत जाते म्हणून आई-वडील मोडक्या हिंदीत बोलू लागले, तर मुलाची एक भाषा जाते आणि दुसरी अर्धवट येते. रात्री एक गोष्ट मराठीत सांगावी. घरात जी बोली असेल तीत आजीने जुन्या कथा सांगाव्यात. बालभारतीची मराठी पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतात. दर आठवड्याला त्यातील एक पान मुलाबरोबर वाचले, तरी तिसरीपर्यंत ते मराठीही वाचू लागेल. सीमेवरचे मूल दोन भाषांचे धनी होऊ शकते. ते दोन्हींना पारखे होऊ नये, एवढीच काळजी घ्यावयाची.

निवडणे आणि घडविणे

आता शेवटचा मुद्दा. शाळा ही बाजारातील तयार वस्तू नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. ही समिती शाळेच्या कामावर देखरेख ठेवते आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करते. बाईंची जागा रिकामी असेल, पाणी नसेल, मराठी जाणणारा शिक्षक हवा असेल, तर तो ठराव याच समितीत होऊ शकतो. ज्या पालकाने आपले मूल काढून नेले, त्याचा आवाज तेथून गेला. गावातील जाणते आणि बोलके पालक एकामागून एक निघून गेले म्हणजे शाळेत उरतात ती, ज्यांच्या वतीने कोणी बोलत नाही अशा घरांची मुले. पटसंख्या घटते, शिक्षक कमी होतात, आणि मग सारे म्हणतात की शाळा मुळातच वाईट होती.

मध्य प्रदेशाने याच्या उलट अनुभवही घेतला आहे. १ जानेवारी १९९७ पासून या राज्यात शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत शाळा नाही, तेथील ४० मुलांच्या, आदिवासी भागात २५ मुलांच्या, पालकांनी मागणी केली, तर ९० दिवसांत शाळा देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. मागणी करणारे पालक पुष्कळदा स्वतः निरक्षर होते. त्यांनी फलक पाहून शाळा निवडली नाही. त्यांनी ती मागितली आणि मिळविली.

तेव्हा यंदा ज्यांना निवड करावयाची आहे, त्यांनी आधी आपल्या घराजवळची शाळा पाहावी, आणि वर सांगितलेल्या कसोट्या लावून पाहावी. तिसरीतील मूल वाचते का, त्याला अर्थ कळतो का, बाई रोज येतात का, मुलाच्या बोलीचा मान राखला जातो का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. उत्तरे बरी असतील तर दूरच्या फलकाकडे पाहू नये. उत्तरे वाईट असतील, तर दुसरी शाळा त्याच चार प्रश्नांनी तपासावी, आणि आपल्या शाळेतील उणीव समितीपुढे मांडावी. निर्णय झाल्यावरही दिवाळीपर्यंत लक्ष ठेवावे. मूल सकाळी शाळेत जावयास आपण होऊन निघते का, आणि संध्याकाळी शाळेतील काही सांगते का? सांगत असेल तर शाळा योग्य निवडली गेली. गप्प राहत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी आई-वडिलांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर शाळेत जावे, आणि दाराशी दहा मिनिटे उभे राहून ऐकावे.